एक तंगडी कमी

१

डब्यावरचा शिक्का शाबूत होता आणि आतली तंगडी गायब होती.

प्यो गीबोकने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, शेवटी चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचलं. दोन आठवड्यांतली ही तिसरी तक्रार. ‘कोंबडी गरम होती, शिक्का जसाच्या तसा, पण तंगडी एकच. तुमच्याकडे लंगड्या कोंबड्या मिळतात का?’ खाली बंद आणि उघड्या डब्याचे फोटो आणि रेटिंग म्हणून एकुलता एक तारा.

"लंगडी म्हणे!" तो पुटपुटला.

सत्तावीस वर्षं या माणसाने दक्षिण कोरियातल्या कुन्सानच्या पोलिसात गुन्हे शोधले होते. बंदरातून पळवलेला माल शोधला, दोन खुनी शोधले आणि निवृत्त झाल्यावर त्याने तेच केलं जे इथे बँकेतून सुटलेला, शाळेतून सुटलेला, कारखान्यातून सुटलेला झाडून प्रत्येक माणूस करतो. तळलेल्या कोंबडीचं दुकान टाकलं. वर एका मोठ्या कंपनीची पाटी, आत कंपनीचं तेल, कंपनीचा मसाला, कंपनीचे नियम. त्याच्या गल्लीत अशी सात दुकानं होती आणि सातही मालक एकमेकांना अजून जुन्या हुद्द्यानेच हाक मारत: मॅनेजरसाहेब, मास्तर, इन्स्पेक्टरसाहेब. सकाळी अकराला कढई पेटली की हुद्दे सगळे तेलात.

"अहो, काय म्हणाली ती डबे पोचवायच्या ॲपची कंपनी?" बायकोने, सुक्जाने, गल्ल्यामागून विचारलं.

"चारपर्यंत वेळ दिलाय. तिन्ही डबे मालसूनताईंनी पोचवले, म्हणजे चोर त्याच, असं त्यांचं म्हणणं. चार वाजता नाव कापणार."

"आपल्या दुकानातून?"

"ॲपवरूनच. म्हणजे सगळ्याच दुकानांतून."

सुक्जाचा हात थांबला. मालसून एकसष्ट वर्षांची. मासळीच्या कारखान्याने काढून टाकल्यावर वर्षभर दारोदार फिरली, तेव्हा कुठे हे काम मिळालं. स्कूटर येत नाही म्हणून पायी डबे पोचवायची. जवळच्या सोलबात सोसायटीत स्कूटरला मनाई असल्यामुळे तिथले सगळे डबे तिचेच. हे काम गेलं तर त्या वयाच्या बाईला दुसरं कोण देणार?

"मला एक समजत नाही," गीबोक म्हणाला. "तंगड्या मी स्वतःच्या हाताने ठेवतो. दोन. सगळ्यात वर. झाकण मी लावतो, शिक्का तू लावतेस."

"आणि वर हाताने लिहिते, ‘पोटभर खा, तब्येत सांभाळा.’ तो शिक्का फाडल्याशिवाय झाकण उघडत नाही. फोटोत माझंच अक्षर आहे बघा, एक रेघ तुटलेली नाही."

"मग तंगडी गेली कुठे?"

"ते मला काय विचारता? इन्स्पेक्टरसाहेब तुम्ही!" सुक्जा फणकारली. "दोन खुनी सापडले आणि एक तंगडी सापडेना!"

२

मालसून दुकानाबाहेरच्या स्टुलावर बसली होती. सकाळपासून तिच्या मोबाइलवर एकही काम आलं नव्हतं. पायांत जाड तळव्यांचे बूट, मांडीवर रिकामी पिशवी.

"ताई, सरळ विचारतो. तंगडी तुम्ही खाल्लीत?"

"नाही." तिने मान वर करून त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"मग कुणी खाल्ली, ठाऊक आहे?"

मालसूनची नजर बुटांवर गेली.

गीबोक चक्रावला. आयुष्यभर त्याने खोटारडी माणसं पाहिली होती. ती पहिल्या प्रश्नाला नजर चुकवतात आणि दुसऱ्याला जोरजोरात दुसऱ्याचं नाव घेतात. ही बाई सगळंच उलटं करत होती.

"ताई, चार वाजता नाव कापतील. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग बोला की! कुणाला वाचवताय?"

"साहेब, तुम्ही मला हातपाय धडधाकट असताना कामावर घेतलंत असं नाही. गुडघा सुजलेला होता तेव्हा घेतलंत." ती उठली आणि पिशवीची घडी घालू लागली. "कापू द्या नाव. तुम्ही यात पडू नका."

एवढं बोलून ती चालायला लागली. गीबोकच्या डोक्याचा पार भुगा झाला. ही चोर नाही, हिला चोर माहीत आहे आणि हिला वाटतंय की चोर सापडू नये!

दुकानात येऊन त्याने तिन्ही तक्रारींचे फोटो शेजारी शेजारी लावले. नावं निरनिराळी: तेसू, ह्यांगमी, दोंग्वू. पत्ते निरनिराळे: सोसायटीतल्या एकशे एक, एकशे दोन आणि एकशे तीन नंबरच्या बिल्डिंगा. तारखाही वेगळ्या. पण तिन्ही फोटोंत डबा ज्या बैठ्या टेबलावर ठेवला होता, त्याच्या कोपऱ्यात गरम पातेल्याने पडलेला एक काळा गोल डाग होता.

"सुक्जा, हे बघ. तीन बिल्डिंगा, तीन घरं... आणि टेबल एकच!"

३

सोलबात सोसायटी दुकानापासून तीनशे पावलांवर. गीबोक रोज दोनदा तिच्या कुंपणावरून जायचा. जाता जाता एकशे चार नंबरच्या बिल्डिंगकडे मान वर करून बघायचं, ही त्याची सवय. तिथे चौथ्या मजल्यावर त्याची आई राहायची. बाल्कनीत कपडे वाळत असले की त्याला हायसं वाटे. कपडे धुतलेत म्हणजे आई ठीक आहे. आजही दोरीवर पांढरा टॉवेल आणि जांभळा स्वेटर होता. तो पुढे गेला.

फाटकाजवळच्या चौकीत वॉचमन ओक काका हातात चिमटा घेऊन बसले होते. चेहरा रागाने लाल.

"बरं झालं आलात इन्स्पेक्टरसाहेब! मला एक सांगा, कोंबडीचं हाड उष्ट्या अन्नाच्या डब्यात टाकतं का कुणी?"

"नाही टाकत."

"शेंबड्या पोरालाही कळतं! उष्टं जनावरांना जातं, त्यात हाड गेलं तर घशात अडकेल. हाडं सुक्या कचऱ्यात. तुमच्या प्रत्येक डब्यावर छापलेलं असतं. या सोसायटीत घरोघरी आठवड्याला कोंबडी येते, सगळ्यांना पाठ झालंय. आणि एकशे चारमध्ये कोणीतरी शहाणा उष्ट्यात हाडं टाकतोय!" काकांनी चिमटा हवेत नाचवला. "तेही कसं? एका वेळी एकच. मागच्या सोमवारी एक, या सोमवारी एक, काल एक. तिन्ही तंगडीची!"

गीबोकने तोंडातल्या तोंडात तारखा मोजल्या. तिन्ही तक्रारींच्याच तारखा.

"एकशे चारमधून तर एकही ऑर्डर नव्हती," तो म्हणाला.

"ते मला नका सांगू. तुमची ती पायी फिरणारी बाई, या तिन्ही दिवशी चांदीच्या कागदाची पुडी घेऊन एकशे चारमध्ये चढली. या डोळ्यांनी पाहिलंय."

झालं. म्हणजे मालसूनच? पण मग तिने सरळ डोळ्यांत बघून नाही कसं म्हटलं? शिक्का न फोडता तंगडी काढली कशी? आणि खायची तर कुठेही बसून खाल्ली असती, लोकांच्या बिल्डिंगमध्ये जिने कशाला चढली?

"काका, तो उष्ट्याचा डबा कार्ड लावल्याशिवाय उघडत नाही ना? कुणाच्या कार्डाने उघडला त्याची नोंद असणार."

"आहे ना. पण ऑफिसातली पोरगी जेवायला गेलीय. आली की काढून घेतो." काकांनी घड्याळ पाहिलं. "तोवर ज्यांनी तक्रारी केल्यात त्यांना भेटा. तेसूची आई, ह्यांगमीची आई, दोंग्वूची आई. पण घरी जाऊ नका. तिघी दिवसभर ज्येष्ठांच्या हॉलमध्ये असतात."

"आई?" गीबोक थबकला. "तक्रारी तर तेसू, ह्यांगमी आणि दोंग्वूने केल्यात."

"ते तिघे राजधानीत, सोलमध्ये असतात हो! वर्षातून दोनदा येतात. तिकडून बोट दाबतात, इकडे आईच्या दारात कोंबडी येते. ‘दारात ठेवा, बेल वाजवू नका’ असंही तिकडूनच लिहितात."

४

ज्येष्ठांच्या हॉलच्या दाराशी चपलांचे तीन जोड होते. आत खालून तापवलेल्या जमिनीवर तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या. मध्ये बैठं टेबल होतं आणि टेबलाच्या कोपऱ्यात काळा गोल डाग.

गीबोकला पाहिलं आणि तिघी एकदम गप्प झाल्या. पत्ते खेळत होत्या, ते सुद्धा हातातच राहिले.

"या, या," तेसूची आई म्हणाली. तिघींत तीच बोलकी. "सातूचा चहा घ्या. वाळलात हो तुम्ही. तेलाजवळ उभं राहून राहून माणूस वाळतो."

"आजी, मी तंगडीबद्दल आलोय."

"कुठली तंगडी?" ह्यांगमीच्या आईने पटकन विचारलं. फारच पटकन.

गीबोकने मोबाइल पुढे केला, तक्रारी वाचून दाखवल्या. तिघींचे चेहरे उतरत गेले.

"अगं बाई! या पोरांनी असं लिहिलंय?" दोंग्वूची आई कासावीस झाली. "मी तर नुसते फोटो पाठवले. त्याचा नियमच आहे, आई, डबा आला की फोटो पाठव, उघडलास की फोटो पाठव. मग त्याने विचारलं दुसरी तंगडी कुठाय, तर मी म्हटलं..."

तेसूच्या आईने तिला कोपर मारलं.

"तर म्हटलं काय?" गीबोकने विचारलं.

"एकच आली, म्हटलं," तेसूची आई म्हणाली. "आम्ही तिघींनी तेच म्हटलं. शिक्का? होता की. आम्हीच फाडला, इथे, याच टेबलावर. मालसून बिचारी डबा इथेच आणून देते. घरचं दार कशाला, घरात कोण आहे?"

"तुम्ही शिक्का फाडला, तेव्हा आत तंगड्या किती होत्या?"

ह्यांगमीची आई पत्ते पिसू लागली, दोन पत्ते तिच्या हातातून पडले.

"आजी, चार वाजता मालसूनताईंचं काम जाणार आहे."

"देवा रे," दोंग्वूची आई पुटपुटली आणि स्वेटरच्या बाहीने डोळे पुसू लागली.

तेसूची आई बराच वेळ गीबोककडे बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. गीबोकला ती नजर ओळखू येईना. गुन्हेगार त्याच्याकडे असं कधी बघत नसत.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही आईला शेवटचं कधी भेटलात?"

"आता हे कुठून आलं मध्येच?" गीबोक वैतागला. "मी तंगडी विचारतोय, तुम्ही आई विचारताय! सणाला भेटलो. ती बरी आहे. आत्ताच कपडे पाहिले वाळत घातलेले."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग तेसूच्या आईने त्याच्या पुढचा कप उचलला आणि पुन्हा चहाने भरला. तो आधीच भरलेला होता, चहा टेबलावर सांडला.

५

बाहेर येऊन गीबोक बाकावर बसला. सव्वातीन वाजले होते.

एक गोष्ट तर सुटली होती. इतके दिवस तो समजत होता की तक्रार करणाऱ्याने डबा पाहिलाय. पण तक्रार करणारा सोलमध्ये, डबा कुन्सानमध्ये. मागवणारा वेगळा, खाणारा वेगळा. शिक्का शाबूत असताना काही गेलंच नव्हतं. तंगडी गेली शिक्का फाडल्यानंतर, या तीन म्हाताऱ्यांच्या हातून. त्यांनीच ती चांदीच्या कागदात बांधली, मालसूनने एकशे चारमध्ये पोचवली आणि मुलांनी विचारल्यावर खोटं बोलल्या. ‘मी तुझ्यासाठी मागवलं, तू शेजाऱ्यांना वाटतेस?’ असं ऐकून घेण्यापेक्षा ‘एकच आली’ म्हणणं सोपं. इथवर ठीक.

पण कुणाला दिली? आणि ते नाव त्याच्यापासूनच का लपवायचं?

जो कुणी होता तो हाड उष्ट्यात टाकत होता. म्हणजे हाडं कुठे टाकायची हेच त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे त्याच्या घरी कोंबडीचा डबा कधी येतच नव्हता. आख्ख्या सोसायटीत असं एकच घर असेल.

ओक काका ऑफिसातून येताना दिसले. हातात कागदाची चिठ्ठी. जाताना तणतणत गेलेला माणूस परतताना पाय ओढत होता.

"निघालं?"

"निघालं." काकांनी चिठ्ठी घडी केली. "जाऊ द्या साहेब. एवढं काय, हाडच तर आहे. मी उचलतो चिमट्याने. आजवर नाही का उचललं."

"काका, नंबर सांगा."

"कशाला उगाच..."

गीबोकने चिठ्ठी हातातून घेतली आणि उलगडली. तीन तारखा, तीन वेळा, कार्ड एकच. एकशे चार, घर नंबर चारशे तीन.

ते कार्ड त्याने स्वतः काढून आणलं होतं, तीन वर्षांपूर्वी, आई तिथे राहायला आली तेव्हा.

६

दार मालसूनने उघडलं. तिच्या खांद्यावर ओला टॉवेल होता आणि हातात कपड्यांचे चिमटे. ती बाजूला झाली.

"कोण गं?" आतून आवाज आला.

आई अंथरुणावर बसली होती, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. सणाला भेटला तेव्हा एकाच गुडघ्याला होती. उशाशी औषधं, नूडल्सचे रिकामे कागदी कप एकात एक घातलेले, आणि एक चांदीचा कागद, नीट हात फिरवून सपाट केलेला, घडी घालून ठेवलेला.

"गीबोक? दुकान उघडं टाकून आलास? वेडा का तू?"

"कपडे कोण वाळत घालतं आई?"

"मीच."

"मी घालते," मालसून म्हणाली. "चार महिने झाले. कचरा तेवढा त्या स्वतःच खाली नेतात, कठड्याला धरून. ऐकत नाहीत."

गीबोक आईच्या अंथरुणाशेजारी बसला. रोज दोनदा त्याने त्या दोरीकडे पाहिलं होतं आणि रोज दोनदा निश्चिंत होऊन गेला होता.

मागून जिन्यात धापा टाकण्याचे आवाज आले. तेसूची आई, ह्यांगमीची आई आणि दोंग्वूची आई एकमेकींना धरून वर पोचल्या होत्या.

"साहेब, आम्ही सांगणार होतो हो," तेसूची आई दारातूनच म्हणाली. "पण जीभ रेटेना. ही म्हणते, माझा गीबोक दर आठवड्याला पाठवतो, खाऊन खाऊन कंटाळले. आम्ही म्हणतो, पाठवतच असेल, पण ही एक आमची उरली, वाया जाईल, खा. मालसूनने सांगितलं होतं, चारशे तीनला डबा कधी गेलेला नाही. तुम्हाला कसं तोंडावर सांगायचं?"

"काहीतरीच बोलू नकोस गं," आई गडबडीने म्हणाली. "त्याला वेळ कुठे असतो? चोवीस तास तेलापाशी."

गीबोकने सुक्जाला फोन लावला. "आईला कोंबडी कोण पाठवतं?"

"असं काय विचारता? तुम्हीच! रोज तिथूनच तर जाता-येता."

"मला वाटलं, तू पाठवतेस. मालसूनताईंबरोबर."

तिकडे कढईखालचा गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग सुक्जा म्हणाली, "अहो, तीन वर्षं?"

चार वाजायला दहा मिनिटं कमी होती. गीबोकने ॲप उघडलं आणि तिन्ही तक्रारींखाली, सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहायला घेतलं. बोटं तेलाने जाड झालेली, अक्षरं चुकत होती. लिहिता लिहिता तो मोठ्याने वाचत होता.

"मी या दुकानाचा मालक. तिन्ही डब्यांत दोन-दोन तंगड्या होत्या. शिक्का वाटेत कुणी फोडला नाही. तुमच्या आयांनी आपल्या डब्यातली एकेक तंगडी माझ्या आईला दिली, कारण तिचा मुलगा तीनशे पावलांवर रोज कोंबड्या तळतो आणि त्याने तिला एकही पोचवली नाही. नाव कापायचं तर माझं कापा, मालसूनताईंचं नको. तुमच्या आयांना रागावू नका. जमलं तर फोन करा."

"अरे, हे जगाला कशाला सांगतोस?" आईने त्याचा हात धरला. "गिऱ्हाईक काय म्हणेल? दुकान बुडेल तुझं! खोडून टाक."

"साहेब, नका पाठवू," मालसूनही म्हणाली. "मला काही होत नाही."

"ताई, तुम्ही गप्प राहिलात ते माझी लाज झाकायला. आता मला बोलू द्या."

त्याने बटण दाबलं. मग आईच्या मांडीवर डोकं टेकून तो रडला, सत्तावीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस, चार बायकांसमोर, मोठ्याने.

७

दुसऱ्या दिवशी ॲपच्या कंपनीतून फोन आला. तिन्ही तक्रारी मागे घेतल्या गेल्या होत्या. मालसूनचं काम सकाळीच सुरू झालं, आणि तेसूने ऑर्डर न देता आईला अर्धा तास फोन केला, ही बातमी तिने डबा नेता नेता दिली.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी गर्दीच्या वेळी ओक काकांचा फोन आला. आवाज पुन्हा पूर्वीसारखा चढलेला.

"इन्स्पेक्टरसाहेब, तुमच्या आईला जरा समजावा हो! आज पुन्हा उष्ट्याच्या डब्यात हाडं. आणि आज एक नाही, दोन! दोन्ही तंगडीची!"

गीबोकने झारा खाली ठेवला. सुक्जा त्याच्याकडे बघत होती.

"काका, तेवढी आजच्या दिवस उचला," तो म्हणाला. "उद्यापासून कचरा मी टाकायला येतो."